गंधाखालचा नंबर

अण्णा,

तुम्ही गेलात त्याला आता इतकी वर्षं झाली की तुमचा आवाज आठवायचा तर आधी तुमचं ओरडणं आठवावं लागतं. हळू बोललेलं काही हाती लागत नाही. आज सकाळी पेपरात वाचलं, कुठल्याशा कंपनीनं आपल्या प्रवासी बसगाड्या परत बोलावल्यात. ब्रेकमधला एक भाग सदोष निघाला, तो फुकट बदलून देणार आहेत. नातू म्हणाला, अज्जी, यात रडण्यासारखं काय आहे? मी म्हटलं, रडत नाही रे, मिरच्या चिरल्या त्याच हातानं डोळे चोळले. तो आपला ऑफिसला गेला. इथे बनशंकरीत सकाळी दहानंतर घरात कुणी नसतं, म्हणून लिहायला बसले.

कलासीपाळ्याची ती शेड तुम्हांला आठवत असेलच, तुमचं सगळं आयुष्य तिथे गेलं. तुम्ही हेड मेस्त्री, आणि मी त्याच बस कंपनीच्या कचेरीत टाइपिस्ट, वीस वर्षांची. नोकरी तुम्हीच मालकांना सांगून लावून दिलीत, आणि मग मुलगी इंग्रजी वाचते, आपल्याला वाचता येत नाही, याची तुम्हांला चारचौघांत लाज वाटायला लागली. मी कागद वाचून दाखवायला शेडमध्ये आले की तुम्ही आधी तोंड फिरवायचात. तुमचा राग तर काय, जमदग्नीचा अवतार. एकदा एका फिटरनं चाकाचा नट सैल ठेवला, तर तुम्ही हातातला पाना त्याच्या डोक्यात फेकलात. रक्ताची चिळकांडी माझ्या पातळावर उडाली. "चाळीस माणसं बसतात हिच्यात," एवढंच म्हणालात आणि तो नट स्वतः आवळायला बसलात. संध्याकाळी त्याच फिटरच्या घरी जाऊन त्याच्या डोक्यातले टाके बघून आलात, येताना त्याच्या पोरांना मैसूरपाक दिलात. मला कधीच कळलं नाही तुमचा तिरस्कार करावा की काय करावं. बहुतेक दिवस मी तिरस्कारच केला.

साठ सालाच्या आसपासची ती खंडेनवमी. शेडमधली सगळी हत्यारं धुऊन, तेल पुसून चौरंगावर मांडलेली. पाने, हातोडे, जॅक, सगळ्यांवर झेंडूची फुलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही आरती करून उचलल्याशिवाय त्यांना कुणी हात लावायचा नाही. गाड्यांना केळीचे खुंट बांधलेले आणि अंगभर गंध-कुंकू. ते गंध आपोआप वाळून गळायचं, बोटानं पुसायचं नाही, हा तुमचा नेम. तुमच्या वडिलांचाही होता म्हणे, ते टांगेवाले होते तेव्हापासून. आणि नेमका त्याच दिवशी, पूजेच्या गडबडीत आदल्या दिवसापासून टेबलावर पडलेला एक लिफाफा मी फोडला. चासी, म्हणजे गाडीचा खालचा सांगाडा, बनवणाऱ्या कंपनीचं पत्र. एका खेपेतल्या चासींचा स्टिअरिंगचा आर्म, म्हणजे चक्राला पुढच्या चाकांशी जोडणारा लोखंडी दांडा, कच्च्या पोलादाचा निघाला आहे. पूर्वसूचना न देता तुटू शकतो. खालील नंबरांच्या गाड्या तिथल्या तिथे थांबवा, दांडा काढून परत पाठवा, नवा पाठवतो. खाली नंबरांची यादी.

मी धावत शेडमध्ये आले. आपल्याकडे त्या मॉडेलच्या गाड्या तीनच. पहिलीचा नंबर यादीत होता, तुम्ही म्हणालात, ही हलणार नाही, उद्या हत्यारं उचलली की आधी हिचाच दांडा काढतो. दुसरीचा नव्हता. तिसरी सगळ्यांत नवी, तुमची लाडकी, दुसऱ्या दिवशी पहाटे देवदर्शनाची पार्टी घेऊन कोलारकडे जाणार होती. तिच्या मागच्या दाराआतल्या, चासीचा नंबर कोरलेल्या पट्टीवर तुम्ही स्वतःच्या हातानं बोटभर जाड गंध थापलं होतं. आकडे दिसेनात. मी पदराचं टोक पुढे केलं मात्र, कानाखाली असा आवाज निघाला की वाटलं शेडचा पत्रा कोसळला. माझा दात ओठात घुसला. गंधाच्या हातानं मारलं होतंत, गालावर पाच बोटं पिवळी उमटली. "पूजेचं गंध पुसतेस? मी मद्रासहून चालवत आणलीय ही. त्या खेपेतली नाही ही. आता तू मला गाडी शिकवणार?" वीस माणसं बघत होती. कुणीतरी फिसकन हसलं. तो फिसकन आवाज मला थपडेपेक्षा जास्त लागला, खरं सांगते.

संध्याकाळी सगळे प्रसाद घेऊन पांगले तेव्हा मी परत गेले. थुंकी लावून, पदरानं, नंबराच्या पट्टीपुरतं गंध पुसलं. चार शेवटचे आकडे दिसले आणि मला यादी उघडायचीही गरज पडली नाही, ते मला पाठ झाले होते. होते यादीत. मी तिथे उभी होते तोच त्या गाडीचा ड्रायव्हर चाकांखाली ठेवायची लिंबं घेऊन आला. पन्नाशीचा साधा कानडी माणूस, माझ्याशी मोडक्या मराठीत बोलायचा. त्यानं दुपारचं सगळं पाहिलं होतं.

"अक्का, त्या कागदात माझी गाडी आहे का?"

आणि मी म्हटलं, "अण्णांना विचारा."

तो हसला. म्हणाला, मेस्त्रींना विचारायची कुणाची छाती आहे. लिंबं ठेवली आणि गेला.

मी का बोलले नाही? हे मी इतक्या वेळा स्वतःला विचारलंय की त्याचं उत्तर मला जपासारखं येतं. मला वाटलं, पहाटे तुम्ही गाडी सोडायच्या आधी बघणारच. तुम्ही बघितल्याशिवाय गाडी सोडत नव्हता. तुम्हांला ती पुसलेली पट्टी दिसेल, आकडे दिसतील, पार्टी आलेली असेल, मालक आलेले असतील, आणि सगळ्यांसमोर तुम्हांला म्हणावं लागेल की पोरगी बरोबर होती. मला तुमचं ते तोंड बघायचं होतं. एवढ्यासाठी. पण तुम्ही बघितलंच नाहीत. वीस माणसांसमोर एकदा म्हणालात ना, त्या खेपेतली नाही, मग परत बघणं म्हणजे कमीपणा. मी तुमचीच मुलगी, मला हे कळायला हवं होतं.

दुपारी निरोप आला. आम्ही लॉरीतून गेलो. रस्ता तळ्याच्या बांधावरून जात होता आणि बस बांधाखाली तोंडावर पडलेली, पुढचं निम्मं अंग पाण्यात. टप सोलून निघालेला. केळीचे खुंट पाण्यावर तरंगताहेत आणि त्यांच्यामध्ये माणसं, पालथी. एका बाईची वेणी खिडकीच्या गजात अडकलेली, ती तशीच लटकते आहे. ड्रायव्हरच्या छातीत स्टिअरिंगचा खांब घुसून पाठीतून बाहेर आलेला, त्याचे डोळे उघडे. तुम्ही पाण्यात उतरलात, गाडीखाली हात घातलात आणि तो दांडा बाहेर काढलात. गाजरासारखा कडकन मोडलेला. तुम्ही तो छातीशी धरून बसलात आणि तोंडातून एक आवाज काढलात, तसा आवाज मी माणसाचा कधी ऐकला नाही. नंतरही नाही.

लोक शेडवर आले ते संध्याकाळी. मेलेल्यांचे भाऊ, मुलगे, गल्ल्याच्या गल्ल्या. मालक मागच्या दारानं पसार. तुम्ही मात्र फाटकात जाऊन उभे राहिलात, कुणी विचारलं तर हो, मीच मेस्त्री, म्हणालात. त्यांनी तुम्हांला तुमच्याच जॅकच्या दांड्यानं मारलं. उजवा हात दगडावर ठेवून मोडला, दोनदा, पहिल्यांदा नीट मोडला नाही म्हणून. मी कचेरीच्या खिडकीतून बघत होते. आतून कडी लावली होती आणि कडीवर दोन्ही हात दाबून धरले होते. तुम्ही एकदाही ओरडला नाहीत. आयुष्यभर ओरडणारा माणूस. मीच ओरडत होते, पण दार बंद होतं.

मग चौकशी. इन्स्पेक्टर हुशार निघाला. गाडीच्या मागच्या भागाला पाणी लागलं नव्हतं, तिथलं गंध तसंच होतं, आणि मधोमध नंबराची पट्टी तेवढी स्वच्छ. तो म्हणाला, कुणीतरी हे पुसून वाचलं आहे. ज्यानं वाचलं त्याला ठाऊक होतं आणि त्यानं गाडी जाऊ दिली. मग त्यानं माझ्याकडे पाहिलं. इंग्रजी पत्र वाचणारी शेडमध्ये मी एकटी. तुमचा हात गळ्यात बांधलेला, ओठ फाटलेला. तुम्ही माझ्याकडे वळूनही बघितलं नाहीत.

"नाने," म्हणालात कानडीत. मीच पुसलं. आकडे मला वाचता येतात.

चुकीच्या माणसावर गुन्हा लागला तो तिथे. दोन वर्षं आत काढलीत. सुटून आलात तेव्हा पाना धरायला हात राहिला नव्हता आणि राग कुठे गेला होता देव जाणे. स्वयंपाकघरात पाटावर बसायचात, मी भात-सारू कालवून द्यायची, तुम्ही डाव्या हातानं खायचात, सांडलं तर माझ्याकडे चोरून बघायचात. मला ते बघवत नव्हतं. मारलंत तरी चालेल, असं वाटायचं. एक दिवस जेवता जेवता, मान खाली घालून, अगदी साध्या आवाजात तुम्ही विचारलंत, "ते गंध कुणी पुसलं होतं गं?"

मी म्हटलं, "मला नाही ठाऊक."

"सरी," म्हणालात, बरं म्हणावं तसं, आणि स्वल्प सारू वाढ म्हणालात. पुन्हा कधी विचारलं नाहीत. चार वर्षांनी गेलात.

म्हणजे तुम्हांला ठाऊक होतं. इन्स्पेक्टरनं माझ्याकडे बघितलं त्याच क्षणी ठाऊक झालं असणार, आणि तरी एकदा माझ्या तोंडून ऐकावं, एवढंच तुम्हांला हवं होतं. मी तेही दिलं नाही. हे पत्र मी कुठल्या पेटीत टाकणार नाही, आणि तुम्ही नाही आहात म्हणून नव्हे. तुम्ही आत्ता इथे समोर बसला असतात तरी वाचून दाखवलं नसतं. तुम्ही "सरी" म्हणालात त्या रात्री मला फार दिवसांनी गाढ झोप लागली, अण्णा.