बसकी काय खाते?

ताई, तुझं म्हणणं मला अजिबात मान्य नाही. माझी बसकी मरणार नाही! (भांडणाच्या भरात राहूनच गेलं, तुला आणि भाऊजींना नमस्कार. मी ठणठणीत आहे. पोटातल्या पाहुण्यालाही मामाने विचारलंय म्हणून सांग.) आपल्या मनातल्या जंगलाचा कायदा लहानपणी तूच केलास, की खातो काय हे सांगितल्याशिवाय एकाही प्राण्याला आत सोडायचं नाही. त्यापायी माझा तीन शेपट्यांचा झाडपुसण्या तू वेशीवरूनच हाकललास, तेव्हाही मी गप्प बसलो. पण बसकीवर लगेच काट? म्हणे, अंडी पोटाखाली घेऊन जागची न हलणारी ही बया उपाशी मरेल, आणि त्याच्याआधी कंटाळून मरेल!

तिच्यापायी माझ्यावर काय गुदरलं ते तरी ऐक. इथे गाद्यांच्या कारखान्यात मी खोळी शिवतो. (म्हणजे शिवणारे मास्तर वेगळे, मी टोकं धरतो.) मनातल्या मनात तुझ्याशी भांडत होतो, हातात खडू, समोर पांढरीशुभ्र खोळ. सतरा पाय, पाठीवर शेवाळ, अशी झकास बसकी काढली आणि पुसायची विसरलो. गादी गेली एका नव्या जोडप्याकडे. चादर बदलायला काढली तर एकजण किंचाळून खुर्चीवर चढलं. (बायको नव्हे, नवरा.) गादी परत आली. मालकांनी मला बोलावून विचारलं, "हे काय आहे?" म्हटलं, बसकी. "खाते काय?" शप्पथ ताई, अगदी तुझ्यासारखंच! तर तेच म्हणाले, "मी सांगतो. तुझा पगार खाते."

तर बसकी आळशी नाही. सतरा पाय असून बसते, कारण उठली की अंडी घरंगळतात. तिला पाणी एक जाडा, संथ प्राणी आणून देतो. (भाऊजींना वाचून दाखवू नकोस.) आणि लांब कुठेतरी एक उनाड जनावर असतं, एका जागी कधी न टिकलेलं. ते मिळेल ते तोंडात धरून तिच्याकडे धाडतं. मग कशी मरेल?

तुझाच,
पळपुट्या

ता. क. भाऊजींचा फोन आला होता. डॉक्टरीणबाईंनी बाळ होईस्तोवर अंथरुणातून उठू नका म्हणून बजावलंय, आणि तू स्टुलावर चढून माळ्यावरचे डबे उतरवत होतीस म्हणे. मागच्या वेळचं मी काही लिहीत नाही. पडून राहा गं ताई. जंगलात नवे प्राणी सोड, वाटलं तर माझे सगळे मारून टाक, पण पडून राहा.

ता. क. दुसरा. बसकीच्या खाण्याचे पाठवतोय. मालकांनी कापून उरले ते, दोन हजार आठशे रुपये.