खड्डाच होता तो

ती. ताईस धाकट्याचा वाकून नमस्कार.

तुझी कंबर आता कशी आहे? भावोजींचा खोकला थांबला का? इकडे सगळे ठीक आहेत. म्हणजे तुझी भावजय ठीक आहे, मुलगी ठीक आहे आणि मी औषधावर आहे. घाबरू नकोस. (हे वाक्य लिहायचं नाही असं ठरवलं होतं, कारण ते वाचलं की तू आधी घाबरतेस.)

झालं असं. इतकी वर्षं लोकांना गाडी शिकवतोय, पण माझ्या हातून कधी मांजरालाही धक्का लागला नाही. तरी गेले काही महिने गाडीला जरा गचका बसला की वाटायचं, कुणीतरी चाकाखाली आलं. आरशात बघावं तर रस्ता रिकामा, तरी पटायचं नाही. मग गाडी वळवायची, त्या जागी उतरायचं, गटारात वाकून बघायचं. तिथून निघालो की वाटायचं, आपली उभी गाडी चुकवताना कुणी पडला असेल तर? की पुन्हा माघारी. शिकणाऱ्यांना वाटे, सर यू-टर्न घोटून घेताहेत. (या काळातले माझे सगळे विद्यार्थी यू-टर्नमध्ये पटाईत निघाले, हे मात्र खरं.) घरी आलो की तुझ्या भावजयीला विचारायचं, "कुणाला लागलं नसेल ना गं?" ती "नाही" म्हणाली की चहा संपेपर्यंत बरं वाटे.

सध्या माझ्याकडे एक शिंपीणबाई शिकायला येतात. स्वतःचं दुकान, पन्नाशीचं वय आणि जीभ कात्रीसारखी. त्या चालवत असताना गोदामाजवळ गचका बसला. मी त्यांना इतक्यांदा माघारी फिरवलं की गोदामाचा पहारेकरी आम्हाला हात करायला लागला. शेवटी मला राहवेना. म्हटलं, बाई, गाडी पोलीस चौकीवर घ्या.

"कुणाला उडवलंत?" हवालदारांनी विचारलं.

"ते कळत नाही."

"पडलाय कुठे?"

"सापडत नाही."

"मग तक्रार कुणाची?"

"माझीच. माझ्यावर."

हवालदारांनी पेन खाली ठेवलं. तेवढ्यात शिंपीणबाई पुढे सरसावल्या. "साहेब, खड्डा होता तो. स्टिअरिंग माझ्या हातात होतं. हवं तर मी जाऊन खड्ड्याची माफी मागते."

सगळी चौकी हसली. मी मात्र, ताई, तिथल्या बाकड्यावर बसून ढसाढसा रडलो. मग कुणी हसलं नाही. हवालदारांनी पाणी दिलं आणि हळूच बाईंना म्हणाले, "यांना मनाच्या डॉक्टरांकडे न्या." बाईंनी शिकाऊ परवान्यावर, भर गर्दीतून, क्लच जाळत मला नेलं. (मी शेजारी डोळे मिटून. शिक्षक म्हणून हे शोभलं नाही.)

डॉक्टर म्हणजे आपल्या मुलीच्या वयाची पोर. म्हणाली, "हा तुमचा स्वभाव नाही, आजार आहे." मेंदूचा पुढचा भाग आणि आतले खोल भाग यांच्यात सारखे निरोप चालू असतात: काहीतरी चुकलंय, बघ. बघून झालं की निरोप थांबायला हवा. माझा थांबत नाही. असं नेमकं का होतं, ते सगळं अजून कुणालाच ठाऊक नाही म्हणे. (हे ऐकून बरं वाटलं. सगळं ठाऊक असलेल्या डॉक्टरांची मला धास्ती वाटते.) गोळी मेंदूतल्या सेरोटोनिनवर काम करते. गुण यायला आठवडे लागतात, मळमळ मात्र लगेच येते, आणि मनाने बंद करायची नाही. दुसरा उपचार गोळीहून कडू. गचका बसला तरी मागे वळायचं नाही. भीती चढू द्यायची आणि काहीही न करता उतरू द्यायची. बायकोला विचारायचं नाही, विचारलं तर तिने उत्तर द्यायचं नाही. तुझी भावजय हे इतकं निष्ठेने पाळते की मी किल्ली कुठे आहे विचारलं तरी "डॉक्टरांनी सांगितलंय" म्हणून गप्प.

परवा पुन्हा त्याच गोदामावरून गेलो. गचका बसला. शर्ट घामाने भिजला. मागे माणूस तडफडतोय आणि मी खुनी पुढे चाललोय, असंच वाटत होतं. बाईंनी नुसता गिअर बदलला (खड्डा होता असं सांगायची त्यांनाही बंदी आहे). शाळा गेली, पेट्रोल पंप गेला, आणि पुलावर येईपर्यंत छातीतली धडधड आपोआप ओसरली. कितीतरी दिवसांनी मला खालची नदी दिसली.

बरा झालो असं म्हणवत नाही. काल दुपारी एकदा मागे वळलोच. पण एकदाच.

भाचरांना गोड पापा.

तुझा धाकटा

ता. क. डॉक्टरांनी विचारलं, घरात आणखी कुणाला असं काही? मी पटकन "नाही" म्हणालो. मग तुझे हात डोळ्यांपुढे आले. ताई, साबणाने भेगा पडलेले, पदराखाली लपवतेस ते. हे पुष्कळदा एकाच घरात दिसतं म्हणे. येत्या गुरुवारची तुझी वेळ घेतली आहे. मी घ्यायला येतो. शिव्या द्यायच्या त्या गाडीत दे.

पुन्हा ता. क. भावोजींवर रागावू नकोस. हातांचं मला मागेच दिसलं होतं, पण परवा त्यांनी न्हाणीघराच्या दाराबाहेरून फोन केला. आतला नळ मलाही ऐकू येत होता. ते रडत होते. ताईला यातलं काही बोलणार नाही, अशी शपथ त्यांनी माझ्याकडून घेतली. लिहिण्याबद्दल काही म्हणाले नव्हते.