आपण हलकट आहात

स्टुटगार्ट
रविवार, दुपार

प्रिय गुंडुलामावशी,

तुझ्या टिलोचा वाकून नमस्कार. मान गेला महिनाभर खालीच आहे, त्यामुळे वाकण्याचे वेगळे कष्ट पडले नाहीत. तुझा गुडघा कसा आहे? जिना झाडायची पाळी या आठवड्यात तुझी असेल तर खालच्या श्रेम्पबाईंना सरळ सांग की दुखतोय म्हणून. (सांगणार नाहीस, माहीत आहे. एका हाताने कठडा धरशील, दुसऱ्या हाताने झाडशील, आणि वर त्यांच्या पायपुसण्याखालची धूळही काढशील, म्हणजे त्यांना कळावं.) मी बरा आहे. जेवतो. झोप मात्र लागत नाही, आणि त्याला कारण तू आहेस. रागावू नकोस, पुढे वाच.

माझा पहिला स्वतःचा अल्बम बाजारात आल्याचं तुला कळलं असेलच. ‘एकहाती’ त्याचं नाव. तो तू ऐकला नसशील या आशेवर हे पत्र सुरू केलं आहे, आणि ऐकला असशील या भीतीने ते लांबणार आहे. सोळाव्या वर्षी तूच मला कानाला धरून ब्यूलर उस्तादांकडे रंगकाम शिकायला सोडलंस. तुला वाटलं, पोरगा मार्गी लागला. तुला काय ठाऊक, की अमेरिकन पलटण हाइलब्रॉनला होती तेव्हा हा माणूस त्यांच्या क्लबाबाहेर उभा राहून रॅप शिकला होता! त्यांनी मला भिंतीच्या भेगांत लांबी भरायला शिकवलं, भिंत घासायला शिकवलं, आणि परांचीवर बसून डबा खाताना यमक जुळवायलाही शिकवलं. पुढे आम्हा दोघांची जोडी झाली. तिचं नाव ‘दुसरा हात’. (रंगाचा पहिला हात कोणीही गाढव मारतो, भिंत दिसते ती दुसऱ्या हाताने, असं ते म्हणत. गाढव म्हणताना माझ्याकडे बघत.) सहा वर्षं आम्ही ओलीच्या भिंतींवर, कंजूष घरमालकांवर आणि उडालेल्या नोकऱ्यांवर गात होतो, आणि लोक चांगले नाचत होते.

मग नेव्झात भेटला. नेव्झातचा स्टुडिओ आहे, आणि चांगल्या चाललेल्या माणसाला फूस लावण्याची त्याला देवाने कला दिली आहे. म्हणाला, “भावा, म्हाताऱ्याच्या सावलीत किती दिवस? एकट्याचा अल्बम कर की.” मी ते उस्तादांच्या कानावर घातलं. ते खिडकीची चौकट रंगवत होते. वळलेसुद्धा नाहीत. म्हणाले, “तू? एकटा? अरे, तुला अजून कोपरा सरळ काढता येत नाही.” हे खरं होतं, मावशी, म्हणूनच इतकं झोंबलं. मी ब्रश पाण्यात टाकला (तो तेलाचा रंग होता, पाण्याने ब्रश वायाच जातो, एवढा मी भडकलो होतो) आणि निघालो.

आमच्या धंद्यात पहिल्या अल्बमात जुन्या जोडीदाराला शिव्या घालणारं एक तरी गाणं लागतंच. वाढदिवसाला केक लागतो तसं. मी लिहिलं, त्याचं नाव ‘पोपडे’. लिहिताना डोळ्यांत अंगार होता. माइकसमोर उभा राहिलो तेव्हा मुठी वळलेल्या होत्या. आणि त्या सगळ्या संतापात तोंडातून जे बाहेर पडलं, ते असं:

अहो उस्ताद, आपले पोपडे उडाले,
आपल्यासारखे किती आले नि बुडाले;
आपण हलकट आहात, स्पष्टच सांगतो,
जरा बाजूला व्हाल का, वाट मागतो.

वाचलंस? ‘आपण’. ‘व्हाल का’. मावशी, जर्मन रॅपमध्ये आजवर एकाही माणसाने दुसऱ्याची आई-बहीण अहो-जाहो करून काढलेली नाही. पण मी काय करणार? ते मला पहिल्या दिवसापासून अरे-तुरे करत आले, आणि मी त्यांना तुम्ही-आपण. वयाने मोठ्या माणसाने स्वतः प्याला उचलून ‘आजपासून तू म्हण’ असं म्हटल्याशिवाय धाकट्याने जीभ सैल सोडायची नाही, हे तूच तर माझ्या हाडीमाशी खिळवलंस. (तू आणि श्रेम्पबाई पंचवीस वर्षं शेजारी आहात. त्यांचा थोरला तुझ्या हातांवर जन्मला. त्या कळा देत असताना तू ‘आपण जोर लावा’ म्हणालीस, हे सगळी गल्ली सांगते.) उस्तादांनी प्याला कधी उचलला नाही. मी कधी विचारलं नाही. रंगमंचावर आम्ही लोकांशी बोलायचो, एकमेकांशी नाही, म्हणून ही गोष्ट कधी बाहेर आलीच नव्हती.

नेव्झातला वाटलं, ही माझी नवी शैली आहे. “थंड डोक्याने केलेला अपमान! भावा, काटा आला अंगावर,” म्हणाला. गाणं बाहेर पडलं आणि दोन दिवसांत काटा सगळ्या देशाच्या अंगावर आला, हसून हसून. पोरं रस्त्यात मला वाकून म्हणतात, “आपण हलकट आहात का?” खाटीकबाईने मटण तोलताना विचारलं, “अजून थोडं घेता का, की आपण बुडालात?” एका वर्तमानपत्राने मला देशातला सर्वांत सुसंस्कृत संतापी मनुष्य म्हटलं. आणि परदेशातून आलेल्यांना जर्मन शिकवणाऱ्या एका संध्याकाळच्या वर्गात आदरार्थी क्रियापदं पाठ करायला म्हणून माझं गाणं लावतात. तिथल्या बाईंचं आभाराचं पत्र आलंय. अल्बम तुफान खपतोय, मावशी. एकाही माणसाने तो गंभीरपणे घेतलेला नाही.

आम्ही ते गाणं ‘तू’ घालून पुन्हा करून पाहिलं. ‘अरे’ म्हटलं की माझा पाठीचा कणा ताठ व्हायचा आणि पुढचा शब्द विसरायचो. राग यावा म्हणून नेव्झातने काचेवर उस्तादांचा फोटो चिकटवला. मी फोटोला ‘सुप्रभात’ म्हणालो. त्यानंतर नेव्झातने दिवे घालवले आणि सगळ्यांना घरी पाठवलं.

इथवर नुसती फजिती होती. फजितीने माणूस मरत नाही. पण मग आपल्या हाइलब्रॉनला कार्यक्रम झाला. (गुडघ्यामुळे तू आली नाहीस, त्या गुडघ्याचे माझ्यावर उपकार आहेत.) गर्दी ‘आपण! आपण!’ ओरडत होती. गाणं संपलं आणि समोरची माणसं बाजूला सरली. उस्ताद येत होते. इस्त्रीचा शर्ट, दोन्ही हातांत लाल वाइनचे प्याले. सरळ वर आले. एक प्याला माझ्या हातात दिला आणि माइकला तोंड लावून म्हणाले, “हे बघ टिलो, अख्ख्या देशासमोर मला हलकट म्हणालास. मग ते अहो-जाहो कशाला वागवतोस उगाच? मी कुर्ट. आजपासून तू म्हण.”

टाळ्यांचा कडकडाट. लोकांना वाटलं, काय मोठं मन! पण मी जवळ होतो. गाढव म्हणतानासुद्धा माझ्याकडे बघणारा हा माणूस प्याला टेकवताना दुसरीकडे बघत होता. मी प्यालो. ‘कुर्ट’ म्हणालो. म्हटल्याबरोबर वाटलं, मी यांच्या थोबाडीत मारली. मला तो प्याला हवा होता ग. शिकाऊचा कारागीर झालो त्या दिवशी वाट बघितली होती, आमचं पहिलं गाणं रेडिओवर लागलं त्या दिवशीही बघितली होती. मानाने मिळायची ती गोष्ट मला दंड म्हणून मिळाली, आणि दंड वाजवी होता. मला इतकी लाज कधी वाटली नव्हती.

माफी मागायला परवा त्यांच्या कामावर गेलो. ते वर परांचीवर, मी खाली. तोंड उघडलं आणि लक्षात आलं, की हाक कशी मारायची? तुम्ही म्हणावं तर त्यांनी चारचौघांत दिलेलं तू धुडकावल्यासारखं होतं. तू म्हणावं तर माफीचीच शिवी होते. शेवटी आमचं बोलणं झालं ते असं:

“वर कोणी आहे का?”

“असल्याशिवाय रंग लागेल का?”

“काम जोरात दिसतंय.”

“चाललंय.”

“पाऊस येईलसं वाटतं.”

“आला तर आला. झाकायला प्लॅस्टिक आहे.”

“मग... निघावं म्हणतो.”

“निघावं.”

आणि मी निघालो. असो. तुझ्या प्रकृतीला जप. श्रेम्पबाईंना माझा आदरपूर्वक नमस्कार. (त्यांना दुसऱ्या कुठल्या प्रकारचा चालत नाही.)

तुझा, तूच वाढवलेला,
टिलो

ता. क. आलुबुखारच्या केकचा डबा धुऊन ठेवला आहे. येताना आणतो. रिकामा आणणार नाही, हे तुझ्या वळणाचं आहे.

ता. क. दुसरा. खरं तर यासाठीच पत्र लिहिलं. मावशी, तू एकदा उस्तादांकडे जा. मला माफ करा असं त्यांना सांगू नकोस, ते माझं मी सांगेन. तू फक्त एवढंच विचार, की दिलेलं ‘तू’ परत घेता येतं का? असं कोणी कधी केल्याचं मी ऐकलेलं नाही, पण रीतिभातीतलं तुला माहीत नाही असं काही नसतं. मला त्यांना ‘माफ करा’ म्हणायचं आहे. ‘माफ कर’ माझ्याच्याने म्हणवत नाही.

ता. क. तिसरा. पाकीट चिकटवत होतो तेवढ्यात फोनवर निरोप आला. जसाच्या तसा लिहितो: ‘गुरुवारपासून शाळेची बाहेरची भिंत. माणूस कमी आहे. जमत असेल तर सकाळी या. ब्यूलर.’

‘या’. ‘ये’ नाही, मावशी. आणि खाली कुर्ट नाही, ब्यूलर. म्हणजे त्यांनी त्यांचं तू परत घेतलं आणि जाता जाता माझंही घेऊन गेले. आता मला हवं तेवढं ‘माफ करा’ म्हणता येईल, तेव्हा तू त्यांच्याकडे जाऊ नकोस. सोळाव्या वर्षापासून हा माणूस मला ‘ये’ म्हणत आला, हाकलून देतानासुद्धा ‘चालता हो’ म्हणाला असता. कामाचे पांढरे कपडे धुवायला टाकले आहेत. गुरुवारी जाणार. फक्त एवढं कळव, आणि पत्राने नको, फोन कर: त्यांनी मला ‘बसा’ म्हटलं, तर मी काय करू?