साध्या दिवशी विचारावे

मी, कुमारी इर्मगार्ड डेरफ्लिंगर, वय वर्षे ब्याऐंशी, निवृत्त शिक्षिका, राहणार ओबरशेलबाख, चर्चमागची गल्ली, हे माझे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. आमच्या कायद्याला असे घरी केलेले मृत्युपत्र हातानेच लिहिलेले लागते, टाइप केलेले चालत नाही. माझा हात आता थरथरतो, तेव्हा अक्षराला कुणी नावे ठेवू नयेत. डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांनी खात्री करायला मला आजचा वार विचारला, तो मी सांगितला. मग मी त्यांना विचारले की सातवीत तुमचा निबंध कुणी लिहून दिला होता, ते त्यांना सांगवेना. कुणाच्या दडपणाखाली लिहीत नाही. दडपण आणायचे तर आधी माझ्याशी बोलायला हवे, आणि निम्मे गाव माझ्याशी बोलत नाही.

दमले आहे. जे सांगायचे ते एकदाच सांगते.

१. माझे प्रेत आईवडिलांच्या शेजारी पुरावे. पाद्रीबुवांनी थोडक्यात आटपावे. भाषणे नकोत, विशेषतः कलम पाचमधल्या गृहस्थांचे. येतील त्यांना कॉफी आणि प्लमचा केक द्यावा. केक बेकरीतला चालेल.

२. हे घर, मागची बाग आणि बागेतली गळकी शेड माझ्या भावाचा मुलगा फोल्कमार याला देते. तो वुर्त्सबुर्गला हीटिंगची कामे करतो. हाताने हुशार, जिभेने फटकळ, दर रविवारी फोन करणारा एकटाच. घर विकले तर चालेल का, हे त्याने माझ्यासमोरच विचारले. मला त्याचा राग आला नाही. पाठीमागे विचारणाऱ्यांपेक्षा बरा. फोल्कमार, विक खुशाल. पण कलम सात वाचल्याशिवाय घराच्या किल्लीला हात लावायचा नाही.

३. बँकेत जे काही उरले असेल त्यातून आधी दफनाचा आणि केकचा खर्च भागवावा. उरेल ते फोल्कमारचे, मात्र त्यातून टेलिफोनचे बिल भरत राहावे. कशासाठी ते पुढे येईल.

४. शेजारीण सेंटा हिला तळघरातल्या मुरंब्याच्या सगळ्या बरण्या द्याव्यात. तीस वर्षे ती मला कुंपणावरून नमस्कार करत नाही. मी गावच्या वर्तमानपत्रात ज्यू घरांतले सामान कुठे कुठे गेले ते लिहिले होते. नाव कुणाचेच घातले नव्हते, पण तिच्या बैठकीतले कोरीव कपाट तिने स्वतःच ओळखले. "जुनी मढी उकरून तुला काय मिळतं गं, इर्मगार्ड?" असे ती तेव्हा म्हणाली, आणि तेच शेवटचे. काही मिळाले नाही, सेंटा. डोळे गेले, पाठ गेली. मुरंबा घे. साखर जरा जास्त झाली आहे.

५. डॉ. एकहार्ट प्रूफर, गावच्या संग्रहालय मंडळाचे अध्यक्ष, यांना मी त्यांचे पांढरे सुती हातमोजे देते. फोटोवाला आला होता तेव्हा त्यांनी ते मला घालायला लावले. माझ्याकडची जुनी पुस्तके त्याने मौल्यवान दिसतात म्हणाले. धुऊन, इस्त्री करून टेबलाच्या खणात ठेवले आहेत. ज्याचे त्याला परत करायची मला सवय लागली आहे.

त्यांच्यासंबंधी एक गोष्ट इथे नोंदवून ठेवते, कारण माझ्या पश्चात ते सभेत ती उलटी सांगतील. १९३८ च्या नोव्हेंबरात आमच्या गावातल्या ज्यू लोकांच्या घरांची दारे फोडली, तेव्हा भांडी, पलंग, पडदे ज्याच्या हाताला जे लागले ते त्याने नेले. पुस्तके कुणालाच नको होती. ती हातगाडीवर घालून शाळेत आणून टाकली. डॉ. प्रूफर यांचे आजोबा तेव्हा मुख्याध्यापक. आजोबांनी पुस्तके वाचवली, असे डॉक्टरसाहेब सांगतात. आमच्या शाळेचा जुना शिपाई मात्र मला सांगून गेला की आजोबा लाकडी पट्टी घेऊन बसत आणि एकेका पुस्तकाचे पहिले पान फाडून काढत. मालकाचे नाव पहिल्या पानावर असते. नाव गेले की पुस्तक बेवारशी, मग मागायला कोण येणार?

१९८४ साली शाळेचे छप्पर गळायला लागले म्हणून मी माळ्यावर गेले, तेव्हा ती पुस्तके मला सापडली. सगळी हिब्रू. नगरपालिका म्हणाली, न्या बाई, माळा मोकळा होईल, आणि तसे लिहूनही दिले. घरी आणून उघडून पाहिली तर प्रत्येकाचे पहिले पान फाडलेले. कित्येक वर्षे मी त्यांची धूळ झटकत आणि मुख्याध्यापकांना शिव्या घालत बसले. नावच नाही तर परत देणार कुणाला?

मग १९९२ साली गावाने आपल्या जुन्या ज्यू रहिवाशांना भेटीला बोलावले. बँड होता, महापौर होते. पाहुणा एकच आला. झीगबेर्ट लेहमायर, हैफाहून. लहानपणी त्याला माझ्याच शाळेतून काढून टाकले होते. बँडमधून सुटून तो माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसला. मी त्याला एक पुस्तक उघडून फाडलेली जागा दाखवली. त्याने माझ्याकडे पाहिले, पुस्तकाकडे पाहिले.

"बाई," तो म्हणाला, "हा शेवट आहे. तुम्ही पुस्तक उलटं धरलंय."

हिब्रू उजवीकडून डावीकडे वाचतात हे मला ठाऊक नव्हते असे नाही. मी तर तोवर अक्षरे गिरवायलाही लागले होते. पण हात जन्माच्या सवयीने जायचा तिकडेच गेला. मुख्याध्यापकांचाही तसाच गेला. त्यांनी पट्टी लावून, शिस्तीत, एकूण एक पुस्तकाचे शेवटचे पान फाडले होते, आणि नावे दुसऱ्या टोकाला जशीच्या तशी शाबूत होती. झीगबेर्ट हसायला लागला. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला. मग मीही हसले. त्या टेबलाशी तसे हसणे पुन्हा झाले नाही.

तेव्हा संग्रहालयात "मुख्याध्यापकांनी जपलेली पुस्तके" अशी पाटी लागता कामा नये. लावायचीच असेल तर "मुख्याध्यापकांना उघडता न आलेली पुस्तके" अशी लावावी. मला चालेल.

६. शेडमध्ये फळीवर एक पत्र्याचा डबा आहे. त्यात सुटी, उंदरांनी खाल्लेली पाने आहेत, कोणत्या पुस्तकाची ते कळत नाही. ती रद्दीत टाकू नयेत. देवाचे नाव असलेली पाने ज्यू लोक माणसासारखी पुरतात. वुर्त्सबुर्गच्या रब्बींशी माझे बोलणे झाले आहे, ते घेऊन जातील. डबा नवा आहे, तो परत मागून घ्यावा.

७. आता मुख्य गोष्ट. फोल्कमार, इथून नीट वाच.

नावे सापडल्यावर पुस्तके एकेक करून घरी गेली. माणसे शोधायला वर्षे गेली. सुट्ट्या गेल्या, आणि निवृत्तीनंतरची वर्षे होती तीही त्याच गडबडीत कुठे गेली ते कळले नाही. सिनसिनाटी, लंडन, ब्युनोस आयर्स, एक तर केनियात चहाच्या मळ्यावर. कुणी खजूर पाठवले, कुणी वकिलाचे पत्र पाठवले, कुणी दोन ओळीही नाही. मी कुणाकडून आभाराची अपेक्षा धरली नाही असे लिहिले तर ते खोटे होईल. धरली होती.

एकच पुस्तक राहिले आहे. लेहमायरांचे प्रार्थनेचे पुस्तक, तपकिरी, कोपरे झिजलेले. आत झीगबेर्टच्या वडिलांचे नाव आणि खाली दोन्ही मुलांचे जन्म नोंदवलेले: झीगबेर्ट आणि त्याची धाकटी बहीण झेल्मा. झीगबेर्टला एका जहाजात जागा मिळाली. झेल्माला मिळाली नाही.

माझ्या स्वयंपाकघरात तो हसला त्या दिवशी ढिगातून हे पुस्तक त्यालाच सापडले. नाव वाचताना ते हातातून निसटून खाली पडले. त्याने पटकन उचलले आणि ओठांना लावले. मग ओशाळून म्हणाला, मी काही मानत नाही, पण पडलं की असं करायचं असतं. मी कागदात गुंडाळून द्यायला गेले तर त्याने ते माझ्या हातातून घेतले आणि फळीवर ठेवले, मीठ आणि मैद्याच्या डब्यांच्या मधे. "आज नको," एवढेच म्हणाला. चार वर्षांनी तो हैफात वारला. मागितले कधीच नाही.

मग मी त्याच्या मुलीला फोन केला. तिचे नाव टिर्ट्सा. मी आधी अभ्यास केला होता. ज्यू नववर्ष आणि त्यांचा मोठा उपास यांच्या मधल्या दहा दिवसांत माणसे एकमेकांची माफी मागतात असे वाचले होते. म्हटले, याहून चांगला मुहूर्त कोणता. तिने सगळे ऐकून घेतले आणि मग शांतपणे मला सोलून काढले. या दिवसांत कुणी माफी मागितली तर नाही म्हणू नये अशी आमच्यात शिकवण आहे, तुम्ही तेवढंच वाचून काढलंत का, म्हणाली. मला पेचात धरायला आलात. साध्या दिवशी विचारा, मग मी उत्तर देईन.

म्हणून मार्चमधल्या एका मंगळवारी विचारले. त्या मंगळवारी कुणाचा सण नव्हता आणि कुणाची पुण्यतिथीही नव्हती. ती नको म्हणाली. मी कारण विचारले.

"मी ते घेतलं की तुम्ही मोकळ्या," ती म्हणाली. "तुमचं गाव मोकळं. हिशेब मिटला म्हणून तुम्ही केक कापणार. मी का मिटवू? राहू दे तुमच्या स्वयंपाकघरात. मीठ घेताना दिसू दे."

मला राग आला होता, हे लिहून ठेवते. मी एवढ्या खस्ता खाल्ल्या, आणि ही मला प्रूफरच्या पंगतीला बसवते? आठवडाभर मी मीठ फळीवरून काढून टेबलावर ठेवले. मग परत वर ठेवले. ती बरोबर होती. मला मोकळेच व्हायचे होते. एवढी वर्षे मी दुसरे काय करत होते?

त्यानंतर दर वर्षी एका साध्या दिवशी विचारत आले. तिचे जर्मन बापाकडून आलेले, आमच्या गावच्या हेलाचे. पहिल्यांदा ऐकून मी दचकले होते. इथली पोरे आता तसे बोलत नाहीत. हळूहळू बोलणे लांबत गेले. तिचे गुडघे, माझे डोळे, तिच्या मुलाचा घटस्फोट, इथले सफरचंदाचे पीक. शेवटी मी म्हणायचे, "बरं, पुस्तक हवंय का?" ती म्हणायची, "नको." मी ठीक आहे म्हणून फोन ठेवायचे. मैत्रीण म्हणायची माझी छाती नाही. पण वर्षातून तेवढ्याच एका फोनची मी वाट बघत असे.

ते पुस्तक माझ्या मालमत्तेत धरू नये. जे माझे नाही ते मी कुणालाच देऊ शकत नाही, आणि फोल्कमार, तुलाही नाही. तुला ते सांभाळायचे आहे आणि दर वर्षी विचारायचे आहे. घर विकलेस तर पुस्तक तुझ्या स्वयंपाकघरात जाईल, मिठाच्या शेजारी. कपाटात नाही, पेटीत नाही. साधा दिवस बघून फोन करायचा. गळ घालायची नाही. आम्हाला किती वाईट वाटते हे सांगायचे नाही, ते तिने पुष्कळांकडून ऐकले आहे. नको म्हणाली तर ठीक आहे म्हणायचे. हो म्हणाली तर पोस्टाने पाठवायचे नाही, स्वतः घेऊन जायचे. तिच्या पश्चात तिच्या मुलाला विचारायचे. हे मान्य नसेल तर घर पाद्रीबुवांना जाईल आणि विचारायचे कामही त्यांच्याकडे जाईल.

गेल्या महिन्यात हे तुझ्या कानावर घातले तेव्हा तू कपाळाला हात लावलास. "आत्या, ती नको म्हणते ना? मग देऊन टाकू संग्रहालयाला, काचेच्या पेटीत राहील. विषय संपेल." विषय संपेल म्हणूनच नको, बाळा. तू त्यावर हो म्हणाला नाहीस, नाहीही म्हणाला नाहीस. माझ्या यकृताला तुझ्या विचाराची वाट बघायला सवड नाही.

यंदाच्या मार्चमध्ये मी टिर्ट्साला आजाराचे सांगितले. पुढच्या वर्षी बहुधा मी नसेन, म्हटले. मी नेहमीसारखे विचारले, पुस्तक हवंय का? ती नको म्हणाली. मी ठीक आहे म्हटले. पण दोघींपैकी कुणीच फोन ठेवला नाही.

मग ती म्हणाली, "पुढच्या वर्षी मला कोण विचारणार?"

मी म्हटले, बघते. हे मृत्युपत्र लिहायला बसले ते त्यासाठी. बरण्या आणि हातमोजे काय, तसेही कुणी तरी उचलून नेले असते.

वरील सर्व मी माझ्या राजीखुशीने लिहिले, एकदा वाचून पाहिले आणि काही खोडले नाही. आमच्या कायद्याला साक्षीदार लागत नाहीत. पण या गावात पूर्वी पुष्कळ गोष्टी साक्षीदारांदेखत झाल्या आणि नंतर कुणी काही पाहिलेले नव्हते. म्हणून मी दोघांना बोलावून सह्या करायला लावल्या आहेत.

स्थळ: ओबरशेलबाख
मंगळवार, १४ जून २०२२

(सही) इर्मगार्ड डेरफ्लिंगर

साक्षीदार:
(सही) डॉ. आल्बन हाइनलाइन, गावचे डॉक्टर. बाई शुद्धीवर आहेत. निबंध माझ्या बहिणीने लिहिला होता.
(सही) रोझविटा कूर्त्स, पोस्ट खाते. बाईंच्या पार्सलांचे वजन बरीच वर्षे मीच केले.

(खाली पेन्सिलीने, वेगळ्या अक्षरात)
वाचले. आत्या, तिचा नंबर लिहायचा राहिला.
फोल्कमार