देवळा ते नाशिक, मध्ये चांदवड

नाशिक,
गुरुवार, १६ जानेवारी २०२५

प्रिय दादा,

साष्टांग नमस्कार. सवयीने लिहून गेले, आता राहू दे. वहिनीचा गुडघा कसा आहे? आईला या थंडीत पहाटे अंगणात बसू देऊ नका. इकडे आम्ही दोघे बरे आहोत. संक्रांत होऊन दोन दिवस झाले आणि यंदा तुला तिळगूळ आला नाही, हे तुझ्या लक्षात आलं असेल. विसरले नाही. गोड बोलायचं नव्हतं, म्हणून पाठवला नाही.

फोन का केला नाही, असं तू वहिनीला विचारशील. तुला फोन केला की तू तो स्पीकरवर टाकतोस. समोर कांदा मार्केटातली चार माणसं चहा पीत बसलेली असतात आणि तू म्हणतोस, "बोल गं, आपलीच माणसं हायेत." दादा, तुझ्या आयुष्यात आपली नसलेली माणसं आहेत तरी का? मला एकदा तरी एकट्या तुझ्याशी बोलायचं आहे. म्हणून पत्र वहिनीच्या नावाने टाकते आहे. दार लावून वाच.

रविवारचं बोलायचं आहे.

मी तुझ्याकडे काय मागितलं होतं ते आधी आठव. गोल्फ क्लबच्या मैदानावर पहाटे धावायला लागून मला बरीच वर्षं झाली. या वेळी देवळ्यापासून नाशिकच्या लहान मुलांच्या दवाखान्यापर्यंत एका दिवसात धावायचं ठरवलं. सकाळी सहाला निघायचं आणि रात्री आठच्या आत दवाखान्याच्या फाटकाला हात लावायचा. लोकांनी दिलेले पैसे दवाखान्याला जाणारच होते, पण माझा जीव अडकला होता तो ॲम्ब्युलन्समध्ये. सातपूरच्या एका कंपनीने कबूल केलं होतं, की वेळेत पोचलात तर नवजात बाळांसाठी गाडी देऊ. आत बाळाला ऊब देणारी पेटी, ऑक्सिजन, शेजारी नर्सला बसायला जागा. ती गाडी आपल्याकडे उभी राहणार होती, देवळा-सटाण्याच्या लोकांसाठी. वेळेची अट मीच घातली होती. अट असली की लोक मान वर करून बघतात, असं मला वाटलं होतं.

तुझ्याकडे मी पाणी मागितलं होतं. घाटाखाली एक जार आणि चांदवडला एक जार. बाकी काही नाही.

तू मला सत्कार दिलेस!

देवळ्याच्या पाचकंदील चौकात सहाला नारळ फुटायचा होता. पाहुणे यायचे होते म्हणून तो फुटेना. मी थंडीत अर्ध्या चड्डीवर उड्या मारत अंग गरम ठेवत होते आणि तुझे मित्र माझ्या पायांकडे बघायचं नाही म्हणून आभाळाकडे बघत होते. वर फ्लेक्स लावलेला. त्यात तू हात जोडून उभा आणि कोपऱ्यात मी, तुझ्या डोक्याएवढी. निवडणूक तुझी आहे की काय, असं दिनेशने मला विचारलं. मी त्याला गप्प बसवलं. नवऱ्याने माहेरच्या माणसांना बोललेलं मला आवडत नाही, माझी खोड तुला माहीत आहे.

मग पुढे पिकअपवर डीजे. त्याचा धूर घाटापर्यंत माझ्या नाकात. गावागणिक कमान, कमानीखाली खुर्ची. धावणाऱ्या बाईला कुणी फेटा बांधतं का रे? घामाने भिजलेल्या खांद्यांवर कुणी शाल घालतं? प्रत्येक वेळी दिनेश सायकलवरून उतरून घड्याळ दाखवायचा आणि तू म्हणायचास, "दोन मिनिटं, दाजी. माणसं सकाळपासून उन्हात उभी हायेत." त्यांना उन्हात उभं कुणी केलं होतं?

घाट उतरल्यावर बायका ओटी घेऊन आल्या. आता ओटीला नाही कोण म्हणेल? तांदूळ, खण, नारळ. पदर नाही, म्हणून मी टी-शर्टचं टोक पुढे धरलं. त्यातल्या बायडाबाईने गालावरून हात फिरवला आणि म्हणाली, "थकी गई व माय. देवी तुनी कूस उजाळो." बिचारी मनापासून म्हणाली. मी ते तांदूळ तसेच धरून उभी राहिले. तुला समोर माझं तोंड दिसत होतं, दादा. तू फोटो काढणाऱ्याला म्हणालास, "हा घे, हा चांगला येईल."

आणि स्टेजवर तू सांगितलंस काय, तर मोहिनीला लहानपणापासून समाजसेवेची आवड आहे.

आवड!

तो विषय काढायचा नाही असं ठरवून लिहायला बसले होते. सात वर्षं नाही काढला. पण तू स्टेज बांधलंस ते नेमकं चांदवडला, रंगनाथकाकांच्या घरासमोर. दुसरी जागा मिळाली नाही तुला? की तुला खरंच काही आठवत नाही? यातलं कुठलं जास्त वाईट, हे मी चार दिवस ठरवते आहे.

तुला आठवत नसेल तर मी सांगते. पहिलं बाळंतपण म्हणून मी माहेरी आले होते. दिनेश इथे नाशिकला. बाळ जन्मलं ते धाप लागल्यासारखं श्वास घेत होतं. डॉक्टर म्हणाले, इथे सोय नाही, नाशिकला न्या, लगेच न्या. गाडी मिळत नव्हती. तू अनवाणी पळत जाऊन बोलेरो काढलीस. ते मी कधी विसरणार नाही आणि कुणाला विसरू देणार नाही. घाट तू असा उतरलास, की मला वाटलं आपण पोचलो.

मग चांदवड आलं आणि तू गाडी वळवलीस. काकांची नाशिकच्या मोठ्या डॉक्टरांशी ओळख होती. मोठं माणूस सोबत असलेलं बरं. "दोन मिनिटं गं, काकांना घेऊ." काका आंघोळीला गेलेले. मग त्यांचे कपडे, टोपी. काकूंनी चहा टाकला. मी मागच्या सीटवर, बाळ माझ्या छातीशी गोधडीत, आणि त्याची नखं निळी पडत चाललेली. काचेतून तू मला दिसत होतास. ओट्यावर उभा, हातात बशी. फुंकर मारून चहा पीत होतास. मी हाका मारल्या. काच वर होती.

पिंपळगावच्या पुढे तो हलायचा थांबला.

आधी आला असता तर वाचला असता का, हे डॉक्टरांनाही सांगता आलं नाही. सगळे म्हणाले नशीब, मीही म्हटलं नशीब. तू दवाखान्याच्या जिन्यात कपाळ बडवून घेत होतास, तेव्हा मीच तुझी समजूत काढली. ओली बाळंतीण मी, आणि समजूत तुझी काढत होते! दिनेशला मी चांदवडचं कधी सांगितलं नाही. रस्ताच लांब होता, एवढंच सांगितलं.

तर रविवारी त्याच ओट्यावरून काका उतरले. माइक घेऊन बोलले. मला सोफ्यावर बसवलं, मांड्या दगडासारख्या झाल्या. पुढे अजून निम्म्याहून जास्त रस्ता होता. मग काकूंनी चहा आणला. "घे पोरी, लय लांबून आली. आमच्या दारातून कोणी तसंच जात नाय." कपबशी माझ्या हातात. मागे दिनेश ओरडत होता, "मोहिनी, ऊठ, वेळ जातोय."

आणि दादा, मी तो प्यायले. बशीत ओतून, फुंकर मारून, पूर्ण प्यायले. एवढी माणसं बघत असताना मला नाही म्हणता आलं नाही. तुझीच बहीण ना!

तेव्हापासून माझा संताप मावत नाही. तुझा राग करायला मी सात वर्षं घेतली आणि नेमकं त्याच जागी मी तुझ्यासारखी वागले. तू वाईट असतास तर बरं झालं असतं. वाईट माणसाशी संबंध तोडता येतो. तू ओझरपासून माझ्याबरोबर धावलास, चपला हातात घेऊन, रडत. त्या रडण्याचाही मला राग आला. नाशिकच्या वेशीवर, अमृतधामच्या चौकातच आठ वाजले. फाटकाला हात लावला तेव्हा कंपनीच्या बाई घरी निघून गेल्या होत्या. त्यांची चूक नाही. अट माझीच होती.

सोमवारी मी दिनेशला सगळं सांगितलं. चांदवड, ओटा, बशी. तो उठून गॅलरीत गेला आणि बराच वेळ तिथेच उभा राहिला. आज सकाळी मात्र सायकलच्या चाकात हवा भरत होता. त्याला तुझा फोन आला तर लगेच माफी मागू नकोस. त्याला थोडे दिवस दे.

कंपनीच्या बाईंशी मी बोलले. तेवीस फेब्रुवारीला, रविवारी, पुन्हा धावते आहे. तोच रस्ता, तीच वेळ, तीच गाडी. माझ्या पायाची दोन नखं गेली आहेत, तोवर येतील न येतील.

या वेळी पाणीसुद्धा नको. एक काम कर. चांदवडला काकांच्या घरासमोर रस्त्यावर एकटा उभा राहा. हातात हार नको, मागे माणसं नकोत. मी येताना दिसले की काका ओट्यावरून उतरतील, काकू चहा आणतील, कुणीतरी दोन मिनिटं म्हणेल. तेव्हा तू मध्ये पडायचंस आणि मोठ्याने म्हणायचंस, "नाही. तिला जाऊ द्या." काका रुसले तर रुसू देत. त्या दिवशी म्हणायचं राहिलं ते म्हण. मला तुझ्या तोंडून ते ऐकायचं आहे.

मी तुझ्याकडे न बघता पुढे जाईन. त्याचं वाईट वाटून घेऊ नकोस. वेळ नसतो, दादा.

आईला हे वाचून दाखवू नकोस. वहिनीला दाखव.

तुझी बहीण,
आणि ज्याचं बारसं राहून गेलं, त्याची आई,
मोहिनी