बायकांच्या ख्रिसमसचं यजमानपद

२७ डिसेंबर
ख्रिसमस ऑर्लाकडे पार पडला. लेक, जावई, सगळेच माझ्याशी हळू आवाजात बोलत होते, जणू आजारी मीच होतो. ऑक्टोबरात गेली ती नोरीन. मी ठीक आहे.

येताना बसमध्ये ठरवलं. सहा जानेवारी यंदाही आपल्याच घरी. नोरीन कॉर्कची. बायकांचा ख्रिसमस ही तिकडची रीत, लग्नानंतर तिने ती डब्लिनच्या आमच्या गल्लीत आणली. त्या दिवशी बायकांनी इकडची काडी तिकडे करायची नाही, घर पुरुषांनी बघायचं. दरवर्षी तिची बहीण असम्प्टा, शेजारची फिलोमिना, चर्चमध्ये तिच्याबरोबर गाणाऱ्या दोघी आणि ऑर्ला आमच्याकडे जमायच्या. सगळी जबाबदारी माझी. चहाचा ट्रे मी बैठकीत न्यायचो. तो जड असतो.

नोरीन नाही म्हणून त्यांनी पोरकं का व्हावं? मी आहे.

२९ डिसेंबर
असम्प्टाला फोन केला. ती म्हणाली, अरे कोलम, यंदा तू कशाला त्रास घेतोस? मी म्हटलं, त्रास कसला, मला सवय आहे. ती म्हणाली, कसली सवय? लाइन खराब असावी.

येते म्हणाली नाही. पण नाही येत, असंही म्हणाली नाही. म्हणजे येणार.

३० डिसेंबर
फिलोमिना कुंपणाशी भेटली. आमंत्रण दिलं. म्हणाली, बघू या हं, कोलम. आणि वाळलेले कपडे काढायचे आहेत म्हणून निघून गेली. दोरीवर कपडे नव्हते.

'बघू या' म्हणजे होच. नोरीन 'बघू या' म्हणाली की ते काम कधी होत नसे, पण ती कॉर्कची. डब्लिनमध्ये अर्थ वेगळा.

२ जानेवारी
खाटकाकडे गेलो. मसाल्यात मुरवलेल्या बीफचा मोठा तुकडा मागितला. कशासाठी, असं त्याने विचारलं. सांगितलं. तो सुरी खाली ठेवून हसायला लागला. म्हणाला, बायकांच्या ख्रिसमसला बीफ? अहो, बीफ मोठ्या ख्रिसमसला, तुमच्या-माझ्यासाठी. त्यांना केक लागतो, छोटी सँडविच लागतात. गोदीतले हमाल बोलावलेत की काय? मिसेस काय करायच्या?

मी म्हटलं, सगळं करायची. सगळं म्हणजे काय काय, ते मला सांगता येईना. ट्रेवर नेहमी स्वच्छ रुमाल झाकलेला असायचा.

तरी बीफच घेतलं. केक काय, कोणीही देतं.

४ जानेवारी
ऑर्लाचा फोन. परवा लवकर ये, म्हटलं. म्हणाली, डॅड, त्या दिवशी मला थोडं काम आहे. कसलं काम? म्हणाली, बायकांचं आहे.

डॉक्टर असणार. बापाने अशा बाबतीत खोदून विचारू नये. तिथून परस्पर येईल.

५ जानेवारी
बीफ शिजत ठेवलं. वास चांगला आहे. चांगला टेबलक्लॉथ कुठे असतो ते समजेना. वरच्या खोलीतला पडदा काढून घातला. फुलांचा आहे, कळणार नाही.

फिलोमिनाचा नवरा फर्गस कुंपणावरून म्हणाला, उद्या आपली दोघांची उपासमार बघ. ह्या सगळ्या त्या कालव्याजवळच्या हॉटेलात. तुझी ऑर्लासुद्धा. टेबल नोव्हेंबरातच सांगून ठेवलंय. मग माझ्या चेहऱ्याकडे बघून म्हणाला, तुला ठाऊक होतं ना रे?

म्हटलं, अर्थात.

फर्गसला कमी ऐकू येतं. काहीतरी चुकीचं ऐकलं असेल. नोव्हेंबर म्हणजे नोरीनला जाऊन महिनाही झाला नसेल. असं कोणी करत नाही.

६ जानेवारी, दुपार
टेबल मांडून झालं. सूट घातला. वाट पाहिली. बीफ निवलं, गरम केलं, पुन्हा निवलं.

शेवटी असम्प्टाला फोन केला. मागे हसण्याचा गलका. ती बाहेर येऊन बोलली. म्हणाली, कोलम, रागावू नकोस. आज घराबाहेर पडायचं, हाच तर सण. एका पुरुषाच्या घरी जाऊन त्याचं सांत्वन करत बसायचं, ते आम्ही बाकी वर्षभर करतोच की.

मी म्हटलं, नोरीन घरीच करायची. ती म्हणाली, तिलाही दरवर्षी हॉटेलात यायचं होतं. म्हणायची, कोलम एकटा पडेल, त्याला ट्रे न्यायला आवडतो. म्हणून आम्ही तिकडे यायचो. मी म्हटलं, मला कधी बोलली नाही. ती म्हणाली, तुला कशी बोलेल, बाबा?

मग फोन ऑर्लाने घेतला. रडत होती. म्हणाली, डॅड, आईसाठी एक खुर्ची रिकामी ठेवली आहे आम्ही.

माझ्याकडे सगळ्याच रिकाम्या होत्या.

एकीने दगा दिला असता तर समजू शकलो असतो. सगळ्यांनी मिळून दिला. आणि पहिला नोरीनने, इतकी वर्षं, माझ्या हातात ट्रे देऊन.

६ जानेवारी, संध्याकाळ
फर्गस आला. वास आमच्या स्वयंपाकघरापर्यंत येतोय, म्हणाला. बसला. बीफ उत्तम झालंय म्हणाला आणि तीनदा घेतलं. मोहरीची चटणी आहे का, विचारलं. आणून दिली. चहा मागितला. तोही नेऊन दिला. पडद्याकडे बघून म्हणाला, टेबलक्लॉथ छान आहे.

तो निघाला तेव्हा मी ताटं उचलू लागलो. तर म्हणाला, राहू दे रे. उद्या करेल की नोरीन.

मग थांबला. टोपी शोधू लागला. टोपी त्याच्या हातातच होती.

७ जानेवारी
सकाळी स्वयंपाकघरात गेलो. भांडी तशीच होती.