कणकेचं सील

दौंड,
फेब्रुवारी २००७

प्रिय रिबेका,

पर्थला सुखरूप पोचलीस, एवढं डेनिसकडून कळलं. तुझ्याकडं फोन दे म्हटलं, तर म्हणाला, मम्मी झोपलीय. परवा पुन्हा केला, तवाही झोपलेलीच. अगं, तू कधीपासून दिवसाढवळ्या झोपायला लागलीस? शिरूरच्या शाळेत वर्गात डुलक्या मी काढायचे आणि कोपरानं ढोसून जागं तू करायचीस. मग ठरवलं, फोन राहू दे मसणात, सरळ पत्र लिहायचं. पत्र उशाशी पडून राहतं. कधी ना कधी वाचशीलच.

इकडं सगळी बरी आहेत. गौतमी बाळंतपणाला आलीय, आठवा लागलाय, आणि रोज नवं काहीतरी खावंसं वाटतंय तिला. सम्राटची नोकरी कुरकुंभच्या कारखान्यात पक्की झाली. आमचे हे रिटायर झाल्यापासून पहाटे उठून बुद्धवंदना म्हणतात ती अशी खणखणीत, की लोको शेडचा भोंगा परवडला. तुमच्या जुन्या क्वार्टरात आता बिहारकडचं एक जोडपं राहतंय. तिनं तुझ्या जास्वंदीला पाणी घालायचं सोडलं नाही, म्हणून मला आवडते ती.

बाजारात काळी द्राक्षं आलीत. काल शिरूरला भावाकडं गेले होते, तिथं पाट्याच्या पाट्या लागल्या होत्या. दर वर्षी हात आपोआप पिशवीकडं जातो. यंदा नुसती बघत उभी राहिले. द्राक्षवाला म्हणाला, मावशी, घ्यायची न्हाईत तर सावलीत तरी उभ्या ऱ्हावा.

तुला आठवतं ना, फ्रान्सिसभाऊजी गार्डाच्या नोकरीतून सुटले आणि डेनिसनं तुम्हाला तिकडं न्यायचं ठरवलं तेव्हाचं? सगळं सामान गेलं, कॉट गेली, कोंबड्या गेल्या, आणि शेवटी तू तुझ्या सासूची चिनी मातीची बरणी कडेवर घेऊन आमच्या दारात उभी. तळाशी जुनी वाइन, पेलाभर. म्हणालीस, अंजना, नवी घालताना ही तिच्यात ओतायची, आणि नवीतली पेलाभर पुढच्या वर्षाला ठेवायची. सासूच्या सासूपासून हे जावण तुटलेलं नाही, तू तुटू देऊ नकोस. अगं, आमच्या घरात! ह्यांचे वडील दारूपायी गेले. आमच्याकडं नशा न करायचं पाचवं शील म्हणजे पाचवं शील, खोकल्याचं औषधसुद्धा हे आधी वास घेऊन बघतात. मी म्हटलं, कॉलनीत इतकी तुमची घरं आहेत, त्यांना दे की. तर तू म्हणालीस, ती वर्षाच्या आत पिऊन मोकळी होतील. न पिणारं घर एकच आहे, तुझं.

आमचे हे पंधरा दिवस माझ्याशी धड बोलले नाहीत. मग एक दिवस स्वतःच बरणी उचलून आतल्या खोलीत, भगवंताचा फोटो दिसणार नाही अशा कोपऱ्यात ठेवली आणि म्हणाले, शब्द दिलाय तर पाळ, पण बोट बुडवायचं नाही. तेव्हापासून दर फाल्गुनात मी द्राक्षं कुस्करते, साखर, मूठभर गहू, लवंगा घालते, तुझं जावण ओतते आणि झाकण कणकेनं लिंपते. चाखायचं तर नाही, मग करते काय? बरणीला कान लावते. आत बुडबुडं वाजतात तोवर ती कच्ची. आवाज थांबला की नाक लावते. नाताळाला घरोघरी वाटते आणि लोक म्हणतात, अगदी रिबेकाच्या हातची! खरं सांगू, पहिली काही वर्षं मला राग यायचा. राबायचं मी आणि नाव तुझं. मग तुझं नाव ऐकायला मिळतंय, यातच बरं वाटायला लागलं.

त्यात गेल्या वर्षी तुझ्या घशाचं निघालं. ती रेडिएशननं शेकायची ट्रीटमेंट झाली, तू बरी झालीस, आणि डेनिसनं कळवलं की मम्मीला मुंबईहून मोठ्या जहाजानं गोव्याकडं फिरवून आणायचंय, आणि तिचा हट्ट आहे की अंजनामावशी पाहिजेच. मला, जिनं भीमेच्या पुराशिवाय मोठं पाणी बघितलं नाही! डेनिसनं नियमही सांगितला होता. माणशी एक बाटली वाइन स्वतःची नेता येते, हातातल्या सामानात. मी पुढचं ऐकलंच नाही. नाताळाचं वाटप झाल्यावर बरणीत उरली होती ती सगळी, जावणासकट, एका धुतलेल्या बाटलीत भरली. बूच घातलं, वरून कणीक लिंपली, फडकं बांधलं. सम्राट म्हणाला, आई, दुकानातल्या बाटलीचं लेबल चिकटवू का, कुणी विचारणार न्हाई. मी म्हटलं, पाचवं शील सांभाळता सांभाळता चौथं मोडू व्हय रे? खोटं बोलून न्यायची असली तर मग दुधाची बाटली म्हणूनच नेते की!

पुढचं तू पाहिलंसच. तो तपासणीवाला पोरगा बाटली फिरवून फिरवून बघतोय, सील कुठंय विचारतोय, आणि मी छाती काढून सांगतेय, हाय की सील, कणकेचं हाय! मागची रांग हसली, डेनिसचा चेहरा लाल झाला, आणि तू हसता हसता माझ्याच खांद्यावर रडायला लागलीस. कंपनीची बंद बाटली चालते, घरची नाही. चिठ्ठी बांधून त्यांनी ती खोलीत कुलपात ठेवली, उतरताना मिळेल म्हणाले. डेनिसनं त्याच्या आणि तुझ्या नावावर आणलेल्या बाटल्या मात्र ऐटीत आत गेल्या, आणि जेवायच्या टेबलावर त्या उघडायचेही वेगळे पैसे लागले. बाटली आपली, तोंड आपलं, आणि बूच काढायची दक्षिणा त्यांना. तू त्यातली घेतली नाहीस. म्हणालीस, मला दौंडचीच पाहिजे, थांबते मी.

रिबे, त्या टेबलावर मी तुझ्याकडं बघत होते. तू, जी माझ्या कालवणातली चिमूटभर हळद जास्त झालेली ओळखायचीस, ती माशावर मीठ घेत होतीस. मग पुन्हा मीठ. हिरवी मिरची काकडीसारखी खाल्लीस. मी विचारलं, घशाचं आता काय गं? तर म्हणालीस, सगळं क्लिअर आहे, डॉक्टरनं मिठी मारून पाठवलं. डेनिस तेव्हा उठून कठड्याशी गेला. मला वाटलं, त्याला समुद्र बघायचाय.

मुंबईला उतरल्यावर बाटली मिळाली. टॅक्सीची वाट बघत तू बॅगेवर बसलीस आणि मी डब्यातला स्टीलचा पेला काढला. कणीक वाळून तडकली होती, हात लावताच भुगा खाली पडला. मी म्हटलं, जाऊ दे, तिचं काम झालं. तू पेला भरलास, डोळे मिटलेस आणि घोट घोट करत सगळा संपवलास. पुन्हा भरलास, तोही. म्हणालीस, तशीच गं, अगदी तशीच, सासूच्या हातची. आनंदानं मी तुझे पाय चेपत बसले. तळाशी थोडी ठेवून बाटली माझ्या हातात दिलीस. जावण ने, म्हणालीस.

घरी आले. चार दिवस पाहुणेरावळे. मग बरणी धुवायला काढली आणि बाटली उघडली. नाकात अशी झिणझिणी गेली की डोळ्यांत पाणीच आलं. इतकी वर्षं या वासावर जगले मी, मला कळायला कितीसा वेळ लागणार? बंदरावर मासळीच्या आणि डिझेलच्या वासात नाक चाललं नव्हतं, एवढंच. घरात बरणीला कणीक टिकते, कारण तडकली की मी ओला हात फिरवते. कुलपातल्या बाटलीला कोण हात फिरवणार? वारा लागला, आणि तिचा शिरका, ते व्हिनेगर म्हणतात ना, तो झाला; घरच्या चार दिवसांत एवढी आंबत नाही, ती कुलपातच गेली. मी ह्यांना विचारलं, शिरक्यानं नशा येते का हो? म्हणाले, न्हाई. मग शील मोडतं का? म्हणाले, ते कसं मोडंल? मग मी बोट बुडवलं. आयुष्यात पहिल्यांदा तुझ्या बरणीतलं काही मी जिभेवर ठेवलं. दात आंबले गं! मांजरासारखं तोंड झालं माझं. आणि मग मी तिथंच भुईवर बसले, कारण तू तर हे दोन पेले पिऊन तशीच म्हणाली होतीस.

म्हणून हे पत्र. मला खरं सांग. तू मैत्रिणीच्या कष्टांसाठी तो आंबटढाण शिरका हसत गिळलास, की तुला चवच लागत नाही? पहिलं असेल तर तू वेडी आहेस आणि मी तुला भेटून दोन धपाटे घालणार आहे. दुसरं असेल, तर ते दुखणं परत आलंय का, हेही लिही. क्लिअर-बिअर लिहू नकोस. सम्राटनं माझा पासपोर्ट काढायला घेतलाय. गौतमीची सुटका झाली की मी येते, तुला बोलावणं करायचीही गरज नाही. जावण तुटलं, ते माझ्या कणकेनं तुटलं. ते पुन्हा कसं धरायचं ते तूच सांगायचं, मी द्राक्षं कुस्करीन. आणि तुझी जीभ गेली असली तर घाबरू नकोस. नवी वाइन झाली की मी चाखीन, आणि गोड किती, तुरट किती, लवंग पुढं आलीय का, सगळं तुला सांगीन. ह्यांना काल हे बोलून दाखवलं. मला वाटलं आता महिनाभर अबोला. हे बरणी पुसून जागेवर ठेवता ठेवता म्हणाले, औषधाला दोष न्हाई. मी म्हटलं, आजारी ती आहे, चाखणार मी. तर म्हणाले, व्हय, तेच म्हणतोय.

उत्तराची वाट बघणारी,
तुझीच
अंजना